जात्याखाली दोन फूट

कळमखेड, ता. दर्यापूर
३ डिसेंबर

जानराव,

फोन तू उचलत नाहीस. परवा उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवून दिलास. तेवढ्यात तुझ्यामागे कुकरची शिट्टी ऐकू आली. म्हणजे अकोल्यात लेकाकडे तुझं बरं चाललं असावं. आता पत्राशिवाय उपाय नाही. एकाच मास्तरांच्या छडीखाली आपण दोघं अक्षर गिरवलेले, माझं वळण तू पाकिटावरूनच ओळखशील. न फोडता ठेवू नकोस, एवढंच.

तळ्याचं पाणी खारं झालं.

ऑगस्टात तळं काठोकाठ भरलं तेव्हा गोड होतं. तळ्याच्या पाळीवर, बांधावर, सगळा गाव जमला होता, मी चार ओळी म्हटल्या, पोरांनी टाळ्या दिल्या. दसऱ्यापर्यंत गुरं पीत होती. दिवाळीनंतर म्हशी तोंड लावून मागे सरायला लागल्या. मग बचत गटाच्या बायांनी रोपवाटिकेतली रोपं आणून दाखवली; पानं मधून हिरवी आणि कडांनी जळालेली, जशी कुणी एकेका पानाला उदबत्ती टेकवत गेलं आहे.

तुला खारपाणपट्टा शिकवण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. वर थोडं गोडं, खाली सगळं खारं. बोअर मारली की हाती मीठ. म्हणून तर आपल्या गावाला या तळ्याचं अप्रूप. उन्हाळ्यात गाळ काढताना खोदाई जरा जास्त झाली, असं आता म्हणतात. कशी झाली, कुणी करवली, ते सोड. तुझ्या बाबांनी तळाशी खुणेला पुरलेलं जातं वर आलं आहे. पाळीवर हिवराच्या झाडाखाली पडलेलं असतं. लोक त्यावर बसून मोबाइल पाहतात. मीही बसतो, पण फार वेळ बसवत नाही. हल्ली कुठेच बसवत नाही.

तू असतास तर एका बोटात सांगितलं असतंस काय करायचं ते. पत्ता मागच्या बाजूला आहे. तुला ठाऊक आहे म्हणा.

उत्तम


कळमखेड
९ डिसेंबर

जानराव,

उत्तर आलं नाही. सहा दिवसांत येईल असं मला का वाटावं?

दुसरी बातमी. प्रियदर्शनीवर अविश्वास ठराव आला. नऊपैकी सात सदस्यांनी सह्या केल्या. पण सरपंच थेट गावानं निवडलेली, त्यामुळे शेवटचा शब्द गावाचा: चार जानेवारीला विशेष ग्रामसभा, चिठ्ठ्या टाकून.

तुझ्या चुलतभावाची ही नात चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती. कविता म्हणताना हातवारे करायची नाही, शब्द मात्र एक चुकायची नाही. तीन वर्षांत तिनं काय काय केलं ते तू पाहिलंस. शाळा, विहार, मारुतीचं देऊळ, तिन्ही छपरांचं पावसाचं पाणी टाक्यांत घेतलं. नव्या बोअरना बंदी केली. ओला कचरा खड्ड्यात जाऊ लागला. ज्या बाया म्हणत होत्या, "इले काय कचऱ्याचं येड लागलं काय बाप्पा," त्याच आता खताचे ढीग मोजतात. आणि तळं. तळं तिच्या डोक्यात सगळ्याच्या मधोमध होतं.

आता उपसरपंच पंजाबराव चावडीवर सांगत फिरतो, की तिनं माती विकण्यासाठी तळ खोल नेला. "आमी आधीच म्हणत होतो, खालच्या वस्तीच्या हाती गाव देऊ नका." हे वाक्य तो मला पाहून अर्धंच बोलतो. उरलेलं अर्धं मला ऐकू येतंच.

काल ती घरी आली. आमच्या आशाबाईंनी चहा ठेवला. ती म्हणाली, "गुरुजी, ठरावात स्पष्ट लिहिलं आहे, जात्यापर्यंतच खणायचं. जानराव आजोबांचंच मी ऐकलं होतं. मंग जातं वर आलं कसं?"

मी म्हणालो, "यंत्राला काय कळतं."

"यंत्राले नाही कळत. पण गोटा लागला की चालवणारा थांबते नं. मी त्या दिवशी अमरावतीला प्रशिक्षणात. पाळीवर कोण होतं?"

मी म्हणालो, उन्हाचे लोक येऊन जाऊन होते. चहात साखर जास्त पडली होती. ती गेल्यावर आशाबाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि कप उचलून आत गेल्या. पोकलेनवाला सध्या मोर्शीकडे कुणाच्या संत्र्याच्या बागेत खड्डे करतो आहे म्हणे. त्याचा नंबर प्रियदर्शनी शोधते आहे.

उत्तम


कळमखेड
१६ डिसेंबर

जानराव,

हे सांगायचं नव्हतं. शनिवारी मी अकोल्याला आलो होतो.

दर्यापुरात डोळे तपासायचे होते, असं घरी सांगितलं आणि समोर उभी असलेली अकोल्याची बस धरली. डाबकी रोडवर उतरून विचारत विचारत तुझ्या लेकाच्या बिल्डिंगखाली आलो. तू दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत होतास. डालड्याच्या जुन्या डब्यातल्या मोगऱ्याला पाणी घालत होतास. घालून झाल्यावर त्यातली माती चिमटीत धरलीस आणि, कुणी बघत नाही असं पाहून, जिभेला लावलीस.

मी पानटपरीच्या आडोशाला सरकलो.

पस्तीस वर्षं मुलांना कविता शिकवल्या, आणि गाळ काढण्याच्या मे महिन्यातल्या त्या सभेत दोनशे माणसांसमोर मला सुचलं काय? "जानरावाची जीभ माती चाटून चाटून जड झाली आहे, तिला स्वप्नाची चव कशी कळणार?" लोक हसले. पंजाबराव सर्वांत जास्त हसला. तू त्याआधी एवढंच म्हणाला होतास, "जातं लागलं का थांबा. त्याच्या खाली मीठ हाय." आणि मी तळ्याच्या जुन्या खोलीची गोष्ट सांगत होतो. आपल्या लहानपणी पुरुषभर पाणी होतं, गळ्याशी यायचं, बुडी मारली की कान वाजायचे. माझ्या त्या दोन ओळी पोरांनी शाळेच्या भिंतीवर रंगवल्याही होत्या:

खोल खणा रे, खोल खणा,
गोडवा राही तळाशी.

तू फक्त म्हणालास, "तवा आपण केवढे होतो, मास्तर? अन तुमाले पायऱ्या होत्या. आमी गाळात उभे राहायचो. म्हनून तळ आमाले ठाऊक हाय." साठ वर्षांत पहिल्यांदा तू मला 'तुमी' म्हणालास. आठवड्यानं घराला कुलूप लावून गेलास.

सभेनं ऐकलं मात्र तुझंच. प्रियदर्शनीनं ठरावात 'जात्यापर्यंत' लिहून घेतलं. मला ते लागलं होतं, आता कबूल करायला हरकत नाही.

गॅलरीतून तू आत गेलास. मी चारच्या बसनं परतलो. डोळे ठीक आहेत, असं घरी सांगितलं.

उत्तम


कळमखेड
२२ डिसेंबर

जानराव,

आज दुपारी शिवणकामाची टेप घेऊन तळ्यावर गेलो. आशाबाई म्हणाल्या, "काय मोजून राहिले आता? पाण्याचा सदरा शिवता का?"

आमच्या घाटाची पायरी आठ इंचांची आहे. वरची पायरी म्हणजे भरल्या तळ्याची कड, सांडव्याच्या उंबऱ्याला बरोबर. लहानपणी मी तिच्याखालच्या पाचव्या पायरीवर उभा राहिलो की पाणी गळ्याशी यायचं. हे मला पक्कं आठवतं. त्या पायरीच्या कोपऱ्याचा तुकडा उडालेला आहे, तो अंगठ्याला टोचायचा. तुकडा अजून तसाच आहे. त्याच्यापुढे एक पायरी, की तळ.

पाच पायऱ्या. आठ पंचे चाळीस. चाळीस इंच.

पुन्हा मोजलं. मग टेप स्वतःला लावली. चाळीस इंच माझ्या कमरेच्या किंचित वर येतात. ते पुरुषभर पाणी नव्हतं, जानराव. तो दहा वर्षांच्या उत्तमचा गळा होता. साठ वर्षं मी वर्गावर्गात त्या पाण्याचं वर्णन केलं, शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्यावर तीन पानं लिहिली, आणि एकदाही मला प्रश्न पडला नाही की गळा कुणाचा. तुला एका वाक्यात पडला.

त्याच स्मरणिकेत मी लिहिलं आहे, "मी आणि माझा बालमित्र जानराव एकाच पायरीवरून उड्या घ्यायचो." खोटं आहे ते. तू पलीकडून उतरायचास, जिथून म्हशी उतरतात तिथून. तळ्याच्या मध्यावर आपण भेटायचो आणि निघताना पुन्हा आपापल्या काठानं निघायचो. लिहिताना मला ते आठवत नव्हतं असं नाही. ओळ चांगली होत होती.

आता राहिलेलं सांगतो. पत्र इथे थांबवावं असं वाटतं, म्हणूनच थांबवत नाही.

त्या दिवशी पाळीवर मी एकटा होतो. भर उन्हाची वेळ, बाकी सगळे जेवायला गेलेले. बकेट दगडावर वाजलं. पोकलेनवाला डोकं काढून म्हणाला, "गुरुजी, गोटा लागला. थांबू का?" मी खाली उतरलो. चिखल पुसला. जात्याची तळी होती, खुंट्याचं भोक मातीनं बुजलेलं. मी ती ओळखली. तुझ्या बाबांनी दुष्काळी कामावर तळ खणला तेव्हा तुझ्या आजीचं फुटकं जातं तिथे पुरलं, इथपर्यंत माणसाचं, इथून खाली पाण्याचं, हे मी त्यांच्या तोंडून ऐकलं होतं. तूही तिथेच होतास.

मी म्हणालो, "काढ वर. अजून दोन फूट ने. मी सरपंचांशी बोललो आहे."

बोललो नव्हतो. ती संध्याकाळी आली तेव्हा तळ सगळा एकसारखा दिसत होता, आणि जातं मी हिवराखाली पालथं घालून त्यावर उपरणं पसरून बसलो होतो. पाऊस लागल्यावर उपरणं उचललं. तोवर पाणी आलं होतं, पाण्याखाली कोण बघतं.

मला सभेत हरल्याचा राग होता, की मला खरंच ते पाणी परत हवं होतं? दोन्ही. कशाचं वजन जास्त, ते आज टेपनं मोजता येत नाही.

चार तारखेला तेरा दिवस आहेत. मी बोललो नाही तर ती जाईल, आणि तिच्यासोबत छपरांच्या टाक्या, बोअरबंदी, सगळंच जाईल. पंजाबरावाच्या शेतात बोअरची जागा आखून तयार आहे. बोललो तर, गुरुजी म्हणून या गावात मी जो काही आहे, तो उरणार नाही. आणि मी दुसरं काहीच नाही, तुला ठाऊक आहे.

उत्तम


कळमखेड
५ जानेवारी

जानराव,

सभा झाली. जसं झालं तसं लिहितो.

मी एक भाषण तयार केलं होतं. त्यात पश्चात्तापावर सहा ओळी होत्या, यमकासकट. सभेला जाताना कागद घरी ठेवला. खिशात असता तर वाचला असता.

पंजाबरावानं आरोप वाचले. प्रियदर्शनी उत्तराला उभी राहिली. पोकलेनवाला सापडला होता, पण तो फोनवर म्हणाला, मोठ्या माणसाचं नाव मी घेत नाही. लोक कुजबुजले. ती खाली बसली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "जात्याखाली दोन फूट खणायला मी सांगितलं. सरपंच त्या दिवशी अमरावतीला होत्या. त्यांना ठाऊक नव्हतं. मला जातं ओळखू आलं होतं."

जानराव, कुणीही विश्वास ठेवला नाही.

पंजाबराव हसून म्हणाला, "गुरुजी, बसा नं. तुमची विद्यार्थिनी हाय, तुमी अंगावर घेऊन राहिले. तुमचा सभाव आमाले माहीत हाय." मागून कोणीतरी म्हणालं, "गुरुजी कवी मानूस. यायले काय यंत्र सांगता येते?" लोक माझ्याकडे अशा मायेनं बघत होते की मला पळून जावंसं वाटलं. मी पुन्हा सांगितलं. आवाज मोठा केला. जितका मोठा केला तितकं ते खोटं वाटू लागलं.

तेव्हा बायांच्या बाजूनं आशाबाई उठल्या. पन्नास वर्षांत ग्रामसभेत त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

"खरं सांगून राहिले ते," म्हणाल्या. "त्या दिवशी घरी आले, पायाले चिखल, अन मले म्हणतात, आज मी लहानपण वापस आणलं, आता जानराव पायजे होता पाहाले. मी इचारलं, जातं लागलं नाही काय? तं म्हणे, लागलं, काढलं. सात महिने झाले, मी वाट पाहून राहिली होती हे कवा बोलतात म्हणून. बोलले आज."

मग पंजाबराव म्हणाला, "मंग वयनी, तुमी कावून नाही सांगतलं?"

"मले इचारलं कोनं?"

चिठ्ठ्या पडल्या. प्रियदर्शनी सतरा मतांनी राहिली. फार नाहीत. काही लोकांनी मी कबूल केलं म्हणून तिच्या बाजूनं टाकल्या, काहींनी त्याच रागानं विरोधात टाकल्या, असं ऐकतो.

सभा उठल्यावर ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, वाकेल. वाकली नाही. म्हणाली, "गुरुजी, बचत गटाच्या बाया तीन महिने रोपांना तेच पाणी घालत होत्या. आता तळ बुजवायचा आहे. कसा, ते जानराव आजोबांना विचारा. तुम्हीच विचारा."

आज सकाळी चुन्याची बादली घेऊन शाळेच्या भिंतीवरच्या त्या दोन ओळी पुसल्या. एका हातात जात नाहीत. निळा रंग चुन्यातून वर येतो.

उत्तम


कळमखेड
१९ जानेवारी

जानराव,

संक्रांत होऊन गेली. गोड बोला म्हणत घरोघर फिरायचं माझं दरवर्षीचं. यंदा चारच घरी गेलो. दोन घरांत तिळगूळ दिला, एकात चहा, एकात दार लोटलेलं होतं.

सोबत मातीच्या सात पुड्या पाठवतो आहे. एसटीच्या कंडक्टरकडे दिल्या आहेत, तुझा लेक स्टँडवरून घेईल.

प्रियदर्शनीनं भूजलाचे साहेब आणले होते. ते म्हणाले, उन्हाळ्यात तळ आटला की दोन फूट चिकण मातीचा थर भरून तुडवायचा, म्हणजे खालचं खारं वर येणार नाही. पण ती माती स्वतः खारी नको. तपासणीला याच सात जागांचे नमुने ते नेणार आहेत. अहवाल यायचा तेव्हा येईल. ती म्हणाली, "अहवाल येऊ द्या. पण आजोबांनी हो म्हटलं तरच मी माती उचलीन. एकदा त्यांना सोडून केलं, त्याचं फळ पाहिलं."

सात जागांची माती मी स्वतः खणून आणली. आशाबाई म्हणतात या वयात कंबर जाईल. जाऊ दे. प्रत्येक पुडीवर नंबर आणि जागा लिहिली आहे: एक, नदीकाठ. दोन, पंजाबरावाच्या शेताच्या धुऱ्याजवळची (त्यानं मागितल्याबरोबर दिली, म्हणाला, "न्या, भांडण तुमच्याशी नाही"). तीन, गायरान. चार, विहारामागचा जुना खड्डा. पाच, सहा, सात शिवारातल्या.

मी सातही जिभेला लावून पाहिल्या. मला सगळ्या सारख्याच लागल्या: माती. ही अक्कल मला या वयात येणार नाही. तू लिहू नकोस. बोलू नकोस. फक्त जी योग्य ती परत पाठव.

उत्तम


कळमखेड
११ फेब्रुवारी

जानराव,

वीस दिवस मी रोज स्टँडवर गेलो. कंडक्टर मला लांबून पाहूनच मान हलवायचा. काल त्यानं हलवली नाही.

एक पुडी. चौथी. विहारामागचा खड्डा.

सोबत चिठ्ठी नाही, मी शोधली. कागदाच्या घडीतही पाहिलं. बाकी सहा तू फेकल्यास की मोगऱ्याच्या डब्यात ओतल्यास, कळायला मार्ग नाही. पुडी माझ्या घडीनं आली नाही, तुझ्या घडीनं आली. चौकोनी, कडा आत. आणि मातीच्या एका कोपऱ्यात नखाएवढा खळगा.

पुडी घेऊन प्रियदर्शनीकडे गेलो. तिनं उघडून पाहिली, खळगा पाहिला, आणि पहिल्यांदाच या सगळ्या महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर ती चौथीतली पोर दिसली. म्हणाली, "अहवालही आला, गुरुजी. चार नंबरच." मग लगेच सरपंच झाली: "चिखल तुडवायला पहिल्या दिवशी तुम्ही उतरायचं. जातं सगळ्यात शेवटी बसवू, होतं त्याच जागी. जागा दाखवणारा पाहिजे मात्र. तुमच्या आठवणीवर मी आता भरवसा ठेवत नाही."

बरोबर बोलली. मीही ठेवत नाही.

घरी येऊन, तुझ्या खळग्याशेजारी बोट टेकवलं आणि जिभेला लावलं. काही चव लागली नाही. मला आठवतं, तुझे बाबा म्हणायचे, जिची चव लागत नाही ती माती चांगली. ते खरंच म्हणायचे, की ओळ बरी जमते म्हणून मीच आता रचतो आहे? हे तूच सांगू शकतोस.

तुझ्या घराची किल्ली प्रियदर्शनीकडे आहे, तिनं झाडून घेतलं आहे. वैशाखात तळ उघडा पडेल. माझ्या घाटाच्या पायऱ्या आता मला झेपत नाहीत असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. ते खोटं आहे, पण हे एक मला राहू दे. तू आलास तर आपण म्हशींच्या बाजूनं उतरू, तुझ्या बाजूनं.

उत्तम